पत्रावरील दिनांक : आपोआप बदलणारा आणि न बदलणारा

शाळेच्या कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तीन गोष्टी असाव्याच लागतात : जावक क्रमांक, दिनांक आणि स्वाक्षरी. क्रमांक नोंदवहीतून येतो, स्वाक्षरी मुख्याध्यापकांच्या हातून होते. दिनांक पूर्वी लिपिकाच्या लेखणीतून येत असे. आता बहुतेक ठिकाणी तो संगणकातून येतो. हा बदल इतका सावकाश झाला की त्याची स्वतंत्र दखल घ्यावी असे कोणास वाटले नाही. स्मरणिकेच्या पानांवर या विषयासाठी जागा का मागावी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु आपल्या निवासी शाळेचे बहुसंख्य पालक असे आहेत की ज्यांच्या घरात कागद जपून ठेवण्याची परंपरा दोन पिढ्यांपलीकडे जात नाही. ज्यांच्याकडे जमिनीचे खाते नव्हते, वतनाची सनद नव्हती, त्यांच्या मुलांच्या हाती शाळेचा दाखला हाच पहिला कागद आला. त्या कागदावरचा दिनांक चुकला तर दुसरा आधार शोधणे त्यांना इतरांपेक्षा अधिक कठीण जाते.

आधी जुनी पद्धत आठवू. कार्यालयाच्या टेबलावर शाईच्या पॅडशेजारी तारखेचा शिक्का असे. त्यावर दिवस, महिना आणि वर्ष यांच्या रबरी पट्ट्या असत. लिपिक सकाळी आल्यावर पट्टी एक घर पुढे सरकवी आणि दिवसभर तोच शिक्का प्रत्येक कागदावर उमटे. शिक्का रोज बदलत असे, पण कागदावर उमटलेली शाई बदलत नसे. कालच्या कागदावर कालचाच दिनांक राही. संगणकातील 'आपोआप बदलणारा दिनांक' म्हणजे असा शिक्का की जो रोज पुढे तर सरकतोच, शिवाय कपाटातल्या जुन्या कागदांवरही रात्रीतून नवी तारीख उमटवून जातो. एवढे एक चित्र डोळ्यांसमोर ठेवले तर पुढची सगळी तांत्रिक माहिती सोपी होते.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये 'इन्सर्ट' या पट्टीवर उजव्या बाजूला 'डेट अँड टाइम' असे बटण असते. ते दाबले की दिनांक लिहिण्याचे निरनिराळे नमुने दाखवणारी एक लहान खिडकी उघडते. तिच्या तळाशी 'अपडेट ऑटोमॅटिकली' अशी एक चौकट आहे. चौकटीत खूण नसेल तर निवडलेला दिनांक साध्या अक्षरांसारखा कागदावर उतरतो, जणू आपण तो स्वतः टंकलिखित केला. खूण असेल तर कागदावर अक्षरे उतरत नाहीत. उतरते एक सूचना. त्या सूचनेचा अर्थ असा, की 'ही फाईल जेव्हा उघडली किंवा छापली जाईल तेव्हा घड्याळात जो दिवस असेल तो येथे दाखव.' अशा सूचनेला वर्डच्या परिभाषेत फील्ड म्हणतात. पडद्यावर दोन्ही दिनांक अगदी सारखे दिसतात, आणि अडचण नेमकी येथे आहे. ओळखण्याची खूण एकच : दिनांकावर क्लिक केल्यावर त्यामागे करडा रंग दिसला तर तो फील्ड आहे. हा करडा रंग छापील कागदावर येत नाही.

अनेक टंकलेखक वेळ वाचवण्यासाठी आल्ट, शिफ्ट आणि डी या तीन कळा एकत्र दाबून दिनांक घालतात. हा मार्ग झटपट आहे, मात्र त्याने येणारा दिनांक नेहमी बदलणाराच असतो. तेथे कोणी विचारत नाही, चौकट दिसत नाही, खूण करावी लागत नाही. सवयीने या कळा दाबणाऱ्याला आपण कागदावर दिनांक लिहिला असेच वाटते.

हा दिनांक संगणकाला कोठून कळतो, हेही समजून घेतले पाहिजे. संगणकाच्या आतल्या मुख्य पट्टीवर नाण्याएवढा एक सेल असतो. बहुधा तो सीआर २०३२ या क्रमांकाचा असतो. वीज बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. सेल संपला की संगणक सुरू होताना काही वर्षे मागची तारीख दाखवू लागतो. इंटरनेट जोडलेले असेल तर घड्याळ पुन्हा बरोबर लागते. नसेल तर त्या दिवशी छापलेला प्रत्येक कागद जुन्या तारखेचा निघतो. उन्हाळी सुट्टीत महिनाभर बंद राहिलेल्या शाळेच्या संगणकावर जूनमध्ये पहिल्या दिवशी हे पाहून घ्यावे. सेलची किंमत फार नाही, आणि तो बदलायला अभियंता लागत नाही.

आता प्रत्यक्ष काय घडते ते सांगतो. आपला एक माजी विद्यार्थी शिक्षण पूर्ण करून एका खाजगी संस्थेत तीन वर्षे काम करीत होता. तेथून त्याने अनुभवाचा दाखला घेतला आणि पुढे एका पदासाठी अर्ज करताना तो जोडला. निवडीनंतर संबंधित कार्यालयाने पडताळणीसाठी त्या संस्थेकडे दाखल्याची प्रत मागितली. संस्थेतील कर्मचाऱ्याने संगणकात जपून ठेवलेली फाईल उघडली, छापली, शिक्का मारला आणि पाठवून दिली. मजकूर शब्दशः तोच होता. दिनांक मात्र छापलेल्या दिवसाचा आला होता. आता कार्यालयापुढे एकाच दाखल्याच्या दोन तारखा होत्या, आणि दुसरी तारीख अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम मुदतीनंतरची होती. दाखला मागाहून तयार केला असावा, असा अर्थ कोणीही लावला असता. मुलगा दोन वेळा जळगावला हेलपाटे घालून आला. अखेर त्या संस्थेची जावक नोंदवही उघडली गेली. तिच्यात निळ्या शाईने लिहिलेली एक ओळ होती : क्रमांक, दिनांक, त्याचे नाव, विषय. त्या ओळीने त्याची नोकरी वाचवली. नोंदवही नसती, किंवा तीही संगणकावर त्याच पद्धतीने ठेवलेली असती, तर काय झाले असते याचा विचार मी विद्यार्थ्यांना करायला सांगतो.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला यात फारसे नवल वाटले नाही. कागद, ताम्रपट, शिलालेख यांपैकी काहीही हाती आले की अभ्यासक पहिला प्रश्न विचारतो तो काळाचा. याची दोन उत्तम उदाहरणे आपल्या परिसरातच आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाविषयीचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्या मठास दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. लेख कोरवून घेणाऱ्याने केवळ शके ११२८ असे लिहून काम संपवले नाही. त्याने संवत्सराचे नाव दिले, श्रावणातील पौर्णिमा सांगितली आणि त्या वेळी चंद्रग्रहण होते हेही नोंदवले. ग्रहण हे आकाशातले साक्षीदार. आठशे वर्षांनंतर आज कोणीही गणित करून तो दिवस पडताळू शकतो. ज्या घराण्यात खगोलाचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्यांना दिनांक कसा बांधून ठेवावा हे ठाऊक असणारच.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेणीत वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. वाकाटकांची वंशावळ त्यात येते, लेणीच्या सौंदर्याचे वर्णन येते. परंतु वर्ष येत नाही. परिणामी ही लेणी नेमकी कोणत्या वर्षांत खोदली गेली यावर विद्वानांनी आयुष्ये खर्ची घातली. वॉल्टर स्पिंक यांनी दगडातल्या बारीकसारीक बदलांवरून पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील अगदी थोड्या वर्षांचा कालपट मांडला. तो सर्वांना मान्य झालेला नाही. याच अजिंठ्यात १० क्रमांकाच्या लेणीत एका इंग्रज अधिकाऱ्याने खांबावर स्वतःचे नाव खरडून ठेवले आहे : जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. प्राचीन चित्रावर नाव खरडणे हा निव्वळ असंस्कृतपणा, यात दुमत नाही. तरीही गंमत अशी की या खरडण्याला दिनांक असल्यामुळे इंग्रजांना अजिंठा केव्हा दिसला हे आपण दिवसानिशी सांगू शकतो, आणि ज्यांनी ते अद्वितीय विहार घडवले त्यांच्या कार्याचे वर्ष मात्र अनुमानाने काढावे लागते.

सम्राट अशोकाच्या लेखांत शक किंवा संवत नाही, कारण तेव्हा तशी कालगणना रूढ नव्हती. तेथे राज्याभिषेकापासूनची वर्षे मोजली आहेत. अभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकले, वीस वर्षे झाल्यावर लुंबिनीस येऊन पूजा केली, अशी ती रीत. मोजणीचा आरंभबिंदू पक्का असल्यामुळे ती वर्षे आजही जागची हललेली नाहीत. दिनांक कोणत्याही पद्धतीने लिहिलेला असो, तो एखाद्या पक्क्या खुंटीला बांधलेला असला पाहिजे. वर्डमधील बदलत्या दिनांकाची खुंटी म्हणजे वाचणाऱ्याच्या टेबलावरचे घड्याळ, आणि ते क्षणभरही थांबत नाही.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. जात प्रमाणपत्र आणि त्याची वैधता यांसाठी महाराष्ट्रात काही तारखा कायमच्या ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. यांना मानीव दिनांक म्हणतात. त्या दिनांकाला किंवा त्यापूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते, हे कागदाने दाखवावे लागते. आपल्या वसतिगृहात बौद्ध मुलांसोबत भिल्ल, तडवी, बंजारा समाजांची मुलेही राहिली आहेत; त्यामुळे या चारही तारखांपैकी कोणती ना कोणती आपल्या प्रत्येक पालकाच्या कामाची आहे. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील एक ओळ येथे नातवाचे महाविद्यालयीन शिक्षण ठरवते. त्या ओळीचे सामर्थ्य कशात आहे? ती त्या दिवशी लिहिली गेली आणि नंतर कोणी तिला हात लावला नाही, यात. शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय जनरल रजिस्टरमधील नोंदीत बदल करता येत नाही, हा नियम कित्येक पालकांना जाचक वाटतो. स्पेलिंगची चूक दुरुस्त करायलाही एवढे उपद्व्याप का, असे ते विचारतात. ही बंधने आहेत म्हणूनच त्या वहीवर न्यायालय विश्वास ठेवते, हे मी त्यांना सांगत आलो आहे.

बौद्ध कुटुंबांच्या बाबतीत नोंदीचा दिनांक तर नोंदीचा अर्थच ठरवतो. एकाच घरात आजोबांच्या दाखल्यावर पूर्वाश्रमीच्या जातीचा उल्लेख असतो आणि वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' असतो. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस मधे उभा आहे हे लक्षात घेतले की या दोन नोंदींत विसंगती उरत नाही. पुढे केंद्राने १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलतींचा लाभ दिला. त्यामुळे १९९० पूर्वीचे आणि नंतरचे कागद वाचतानाही वर्ष पाहावे लागते. दिनांक काढून घेतला तर हे सगळे कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देऊ लागतील.

येथे एका जुन्या गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीचा जन्मदिवस १ जून आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या आईबापांना मुलाची तारीख ठाऊक नसे. गुरुजी मुलाच्या अंगापिंडावरून वर्ष ठरवीत आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहून टाकीत. तारीख काल्पनिक होती, पण एकदा लिहिली गेल्यावर ती पक्की झाली. तिच्यावरून नोकरी लागली आणि तिच्यावरूनच ३१ मे रोजी कार्यालयांत एकदम पाच-पाच जणांचे निरोपसमारंभ झाले. खऱ्याखोट्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, न हलणारी तारीख माणसाचे अख्खे आयुष्य कसे पेलून धरते, हे यातून दिसते.

आणि जपलेल्या वहीचे सर्वांत तेजस्वी उदाहरण साताऱ्याचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बालवयातील बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. रजिस्टरमधील १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद आहे. (१९१४ हे वर्ष नव्हे, अनुक्रमांक आहे, भाषणांत हा घोटाळा ऐकू येतो.) त्या दिवशी रजिस्टर भरणाऱ्या लिपिकाला आपण कोणाचे नाव लिहीत आहोत याची कल्पना असणे शक्यच नव्हते. त्याने इतरांसारखीच एक ओळ लिहिली, दिनांक घातला आणि पुढच्या मुलाकडे वळला. त्या एका दिनांकाच्या आधारे शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करण्याचे ठरवले.

मग आपोआप बदलणारा दिनांक निरुपयोगीच आहे का? तसे मुळीच नाही. त्याची जागा वेगळी आहे. रोज छापायचा हजेरीचा तक्ता, भोजनगृहाचा साप्ताहिक फलक, ग्रंथालयातील थकीत पुस्तकांची यादी यांवर छापल्या दिवसाची तारीख आपोआप यावी हेच सोयीचे. या कागदांना स्मृतीची गरज नसते. स्मरणिकेच्या मुद्रितांसाठीही मी पानाच्या तळाशी असाच दिनांक ठेवतो. फक्त तो 'आजचा' न ठेवता 'शेवटी जतन केल्याचा' ठेवतो. वर्डमध्ये त्यासाठी सेव्हडेट हे वेगळे फील्ड आहे, आणि शेवटी छापल्याचा दिनांक हवा असेल तर प्रिंटडेट. तीन जणांनी तपासलेल्या तीन प्रतींपैकी ताजी कोणती, हा वाद त्यामुळे मिटतो.

दाखले आणि पत्रे यांच्यासाठी मात्र ज्याची ओळख कार्यालयांना व्हायला हवी ते फील्ड म्हणजे क्रिएटडेट. 'इन्सर्ट' पट्टीवरच 'क्विक पार्ट्स' आणि त्याखाली 'फील्ड' असा मार्ग आहे. तेथील यादीत ते सापडते. फाईल ज्या दिवशी निर्माण झाली तो दिवस ते दाखवते आणि पुढे फाईल कितीदाही उघडली तरी तोच दाखवत राहते. बोनाफाईडचा नमुना वर्डच्या टेम्पलेट प्रकारात जतन करून त्यात हे फील्ड ठेवले, तर नमुन्यावरून नवा दाखला तयार करताच त्यावर त्या दिवसाची तारीख येते आणि तेथेच थांबते. टंकलेखकाला रोज तारीख घालण्याचे श्रम नाहीत, आणि जुना दाखला उद्या उघडला तरी बदल नाही. एक सावधगिरी : जुनी फाईल उघडून 'सेव्ह ॲज' करून नवे नाव दिले की वर्ड ती नव्याने जन्मली असे समजते आणि क्रिएटडेटही नवा होतो. म्हणून निर्गमित झालेल्या दाखल्याच्या फाईलला पुन्हा नाव देऊ नये.

दिनांकाचा नमुना स्वतः लिहायचा असेल तर रोमन एम या अक्षराबाबत जपावे. मोठ्या लिपीतील एम म्हणजे महिना आणि लहान लिपीतील एम म्हणजे मिनिट. लहान एम घातला तर मार्चच्या जागी ३ ऐवजी ४७ असा आकडा येऊ शकतो, आणि घाईत असा कागद स्वाक्षरी होऊन बाहेरही जाऊ शकतो.

तयार मजकुरातील फील्ड कायमचे साध्या अक्षरांत बदलण्यासाठी त्यावर क्लिक करून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ ९ या कळा एकत्र दाबाव्यात. दिनांक तेथल्या तेथे गोठतो. पुढे कधी तरी बदलावा लागेल असे वाटत असेल तर कंट्रोल आणि एफ ११ ने त्याला तात्पुरते कुलूप लावता येते. त्यातच शिफ्ट मिळवले की कुलूप निघते. माझे मत विचाराल तर दाखल्यांच्या बाबतीत कुलपावर विसंबू नये, सरळ अक्षरांत बदलून टाकावे. त्याहून उत्तम म्हणजे छापण्यापूर्वी कागदाची पीडीएफ करून तीच प्रत जतन करावी. पीडीएफमध्ये फील्ड उरतच नाही. जे दिसते तेच कोरलेले असते.

ज्या शाळांनी मोफत मिळणारे लिबर ऑफिस स्वीकारले आहे त्यांच्याकडे हा धोका कमी आहे. तेथे मेनूतून सरळ घातलेला दिनांक मुळातच स्थिर असतो. बदलता हवा असेल तर तो मुद्दाम निवडावा लागतो. मला ही रचना अधिक शहाणपणाची वाटते. गूगल डॉक्समध्ये @ चिन्हापुढे टुडे असे लिहून घातलेला दिनांकही पुढे बदलत नाही. एक्सेलमध्ये मात्र पुन्हा दोन वाटा आहेत : टुडे हे सूत्र रोज बदलते, आणि कंट्रोलसह अर्धविरामाची कळ दाबली तर आजची तारीख कायमची लिहिली जाते. शुल्काच्या वहीत सूत्र आणि कायमची तारीख यांची गल्लत झाली तर पावती कोणत्या दिवशी फाडली हेच सांगता येणार नाही.

मराठी कागदांची आणखी एक अडचण आहे. जुन्या पद्धतीच्या टंकांत मजकूर देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो रोमन अक्षरांचाच असतो. अशा टंकात दिनांकाचे फील्ड घातले की महिन्याच्या इंग्रजी नावाची अक्षरे देवनागरी आकारांत भलतीच दिसू लागतात आणि निरर्थक शब्द उमटतो. युनिकोड टंक वापरावा, संगणकावर मराठी भाषा जोडून घ्यावी आणि दिनांकाच्या खिडकीत भाषा मराठी निवडावी. महिन्याचे नाव मराठीत येते.

वर्गात हा पाठ शिकवताना एका मुलीने विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. परिपाठात आपण रोज संविधानाची उद्देशिका म्हणतो. तिच्यात 'आज' असा शब्द येतो आणि लगेच २६ नोव्हेंबर १९४९ हा दिनांक येतो. जुलै महिन्यात उभे राहून आपण आज २६ नोव्हेंबर आहे असे कसे म्हणतो, असे तिने विचारले. हा 'आज' संविधान सभेचा आहे, तो म्हणणाऱ्याचा नाही. म्हणून त्याच्यापुढे दिनांक लिहून तो पक्का करण्यात आला आहे. नुसताच 'आज' असता तर तो वर्डमधील फील्डसारखा प्रत्येक परिपाठात बदलत राहिला असता. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द आले, तरी दिनांक १९४९ चाच राहिला. स्वीकृतीचा दिनांक लिहिलेला असताना मजकूर बदलता येतो का, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या आणि तो दिनांक दुरुस्तीच्या अधिकाराला आड येत नाही असे सांगितले. मजकुरात कायदेशीर मार्गाने, स्वतंत्र दिनांकाची दुरुस्ती नोंदवून बदल करणे आणि मूळ दिनांक नकळत सरकणे, या दोहोंतला भेद आठवीच्या मुलांनाही या उदाहरणाने समजला.

भाषेतही असे सरकणारे शब्द पुष्कळ आहेत. या स्मरणिकेसाठी आलेल्या आठवणी वाचताना 'गेल्या वर्षी', 'नुकतेच', 'सध्याचे मुख्याध्यापक', 'हल्ली' असे शब्द वारंवार आढळले. लिहिणाऱ्याला त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. पंचवीस वर्षांनी हा अंक हाती घेणाऱ्याला 'गेल्या वर्षी विहिरीला पाणी लागले' या वाक्यावरून काहीही कळणार नाही. लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी राहिले, हा दिवस नेमका ठाऊक असल्यामुळेच धुळ्याची मंडळी दरवर्षी त्या दिवशी तेथे जमतात. कोणी 'बाबासाहेब एकदा येथे आले होते' एवढेच सांगून ठेवले असते तर ते स्मरण केव्हाच धूसर झाले असते. म्हणून संपादनात अशा जागी आम्ही लेखकांना विचारून वर्ष घातले आहे. ज्यांना वर्ष आठवले नाही त्यांना आपण तेव्हा कितवीत होतो ते विचारले, आणि रजिस्टरवरून वर्ष काढले.

माजी विद्यार्थ्यांना काही व्यावहारिक गोष्टी सांगून थांबतो. तुमच्याकडे कोणत्याही संस्थेचे पत्र वर्डच्या फाईलच्या रूपात आले असेल तर ते उघडून आल्ट आणि एफ ९ या कळा दाबा. दिनांकाच्या जागी महिरपी कंसात रोमन अक्षरांत डेट असा शब्द दिसला तर तो बदलता आहे. त्या शब्दाच्या जागी क्रिएटडेट असे लिहा, पुन्हा आल्ट आणि एफ ९ दाबा, मग दिनांकावर क्लिक करून एफ ९ दाबा. फाईल निर्माण झाल्याचा दिवस दिसेल. हा केवळ सुगावा समजा, पुरावा नव्हे, कारण पत्र तयार झाल्यानंतर दोन दिवसांनी निर्गमित झालेले असू शकते. पत्राचा खरा दिनांक जावक नोंदवहीत असतो. आपल्या शाळेकडून जुन्या दाखल्याची दुय्यम प्रत हवी असल्यास अर्जात मूळ जावक क्रमांक लिहावा. तो जवळ नसेल तर शाळा सोडल्याचे वर्ष आणि इयत्ता लिहावी. दुय्यम प्रतीवर दोन दिनांक लागतात, मूळ दाखला दिल्याचा आणि प्रत दिल्याचा, आणि दोन्ही हाताने लिहिलेले असावेत असा आग्रह धरावा.